बँकॉकपासून रात्रभर बस : इसानच्या एका खेड्यातले १९ दिवस आणि त्यांचा हिशेब

गावकुसाबाहेर (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर 'थायलंडात कमीत कमी किती पैशांत राहता येतं' यावर बरीच हाणामारी झाली होती. माझा हिशेब टाकतो असं तेव्हा म्हणालो होतो. टाकायला वर्ष लागलं, सांभाळून घ्या.

नोव्हेंबर २०२४ची गोष्ट. कंपनीच्या कामासाठी रायोंगला चार महिने होतो. काम आवरलं, रजा साठली होती. कारखान्यात माझ्याबरोबर लाइनवर काम करणारा एक जोडीदार भातकापणीला घरी निघाला होता, म्हणाला चल. त्याचं गाव रॉय-एत प्रांतात, सुवण्णफूम तालुक्यात. सुवण्णफूम म्हणजे आपली सुवर्णभूमी. बँकॉकच्या विमानतळाचं नाव तेच, अक्षरंही तीच. फक्त ही सुवर्णभूमी बँकॉकच्या मो-चित स्थानकावरून रात्रभर बसने दूर आहे, आणि पहाटे डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पिकलेलं भात.

थायलंडच्या ईशान्येकडच्या या भागाला इसान म्हणतात. प्रांत २०, देशाची साधारण एक तृतीयांश जमीन आणि तेवढीच माणसं. हे नावही आपल्या ओळखीचं, ईशान्य दिशा. प्रांतांची नावं वाचताना मी बसमध्ये एकटाच हसत होतो: सुरिन म्हणजे सुरिंद्र, यसोथोन म्हणजे यशोधर, उदोन म्हणजे उत्तर, सकोन नखोन म्हणजे सकल नगर. रॉय-एत म्हणजे मात्र नुसतंच एकशे एक.

घर जुन्या पद्धतीचं, खांबांवर उभं. वर झोपायचं, खाली सगळा संसार: माग, झोपाळा, मोटरसायकल, कोंबड्या, आणि रांगेने पाच मोठे रांजण. त्यांना ओंग म्हणतात. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पन्हळीने त्यात सोडतात आणि वर्षभर तेच पितात. घरात जोडीदाराची आई, तिची आई, आणि बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा. बहीण समुत प्राकानला कारखान्यात, ती चार दिवसांची रजा काढून आमच्याच बसमध्ये होती. आईला 'मॅ' म्हणायचं, आजीला 'मॅ-याय', म्हणजे थोरली माय. एवढे दोन शब्द मला पहिल्या दिवशीच जमले.

पहाटे साडेपाचला सरपंचाचा भोंगा. सरपंच म्हणजे फू-याय-बान, निवडून येतो. उंच खांबावर कर्णे बांधलेले, आधी गाणं, मग सूचना: अमुक दिवशी लसीकरण, तमुक दिवशी तलावाची साफसफाई, कोणाची तरी म्हैस सापडली आहे. सहाच्या सुमारास भिक्खू अनवाणी येतात. मॅ-याय रस्त्याकडेला गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा मुटका ठेवते. तो भात पहाटे चारला चुलीवर चढलेला असतो.

आता हिशेब, सगळा बाटमध्ये. बाटचे तेव्हाचे अडीच रुपये धरा. बस येऊन-जाऊन ९२०. घरासाठी तेल, अंडी, फळं, साबण, मुलाला वह्या १८५०. मोटरसायकलचं पेट्रोल ६००. तालुक्याला नूडल्स, गाड्यावरची कॉफी, एकदा सगळ्यांना आइस्क्रीम ११००. आणि पाकिटात घालून मॅच्या हातात दिले ते ३०००. एकूण ७४७०, म्हणजे १९ दिवसांचे साडेअठरा हजार रुपये.

त्या पाकिटाचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी कापणीला जायचंय.

पाटाचं_पाणी

वाखुसा (वाचनखूण साठवली). कापणीचं लवकर लिहा. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाचं नाव निघालं की झोप येत नाही. रोवणी करतात की आवत्या (थेट पेरणी)? कापणी हाताने की हार्वेस्टरने? मळणी कशी?

चिंचगुळाची_आमटी

छान लिहिताय. पण मुख्य प्रश्न: मी शाकाहारी आहे. मासे, अंडी काहीच नाही. १९ दिवस जिवंत राहीन का?

गावकुसाबाहेर

@पाटाचं_पाणी, पूर्वी रोवणीच होती. आता रोवायला माणसं कुठे आहेत? तरणी सगळी बँकॉकला. त्यामुळे बहुतेक जण आवत्याच पेरतात. बैल-रेडेही गेले. हाताने ढकलायच्या ट्रॅक्टरला तिकडे 'लोखंडी म्हैस' म्हणतात.

दोन प्रकारचं भात असतं. विकायला होम-माली, म्हणजे तो सुवासिक जॅस्मिन तांदूळ, आणि घरी खायला चिकट भात. जो विकतात तो रोज खात नाहीत! गंमत अशी की होम-मालीचं 'खाव दॉक माली १०५' हे वाण १९५९चं, आणि त्याच्यावरच किरणांचा मारा करून काढलेलं 'आर-डी ६' हे चिकट वाण १९७७मध्ये आलं. म्हणजे विकायचं आणि खायचं भात एकाच वंशातलं.

होम-माली दिवस लहान व्हायला लागले की फुलतं. जूनमध्ये पेरा की जुलैत, ऑक्टोबरच्या उत्तरार्धातच निसवणार. तुंग कुला रोंग हाय नावाचं हे पठार पाच प्रांतांत पसरलंय, सुमारे २१ लाख राय. (एक राय १६०० चौरस मीटर, आपल्या एकरात अडीच राय.) एवढ्या सगळ्या मुलखातलं पीक एकाच आठवड्यात कापणीला येतं. मग हार्वेस्टरची मारामारी, आणि गिरणीवर सगळ्यांच्या गाड्या एकदम पोचल्या की भाव बसतो. पठाराच्या नावाचा अर्थ 'कुला रडले ते माळरान'. कुला नावाचे फिरते व्यापारी हे ओलांडताना पाण्यावाचून रडले म्हणे. मॅ म्हणाली, आता आम्ही रडतो, फक्त गिरणीच्या काट्यापुढे.

हार्वेस्टरने कापलेलं भात ओलं असतं. ओलं विकलं तर भाव पडतो, वाळवून विकलं तर चांगला मिळतो, पण वाळवायला खळं कुठंय? खळं म्हणजे गावचा डांबरी रस्ता. अर्ध्या रस्त्यावर निळी जाळी अंथरायची, त्यावर भात पसरायचं, दर तासाला लाकडी दाताळ्याने फिरवायचं. गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून मुकाट जातात. माझं काम दाताळ्याचं. तीन दिवस. पहिल्या दिवशी मी सरळ रेघा ओढत होतो, मॅ-यायने येऊन दाताळं काढून घेतलं आणि पायांनी भातातून फरफटत चालून दाखवलं. पायाने दाण्याचा ओलावा कळतो. रात्री जाळी गुंडाळून ढीग झाकायचा आणि कोणीतरी शेजारी खाट टाकून झोपायचं.

पाटाचं_पाणी

पायाने धान चाळायचं आमच्या आजीचं पण हेच! भाव काय मिळाला?

गावकुसाबाहेर

वाळलेल्याला किलोला पंधराच्या आतच. मॅचे १२ राय, रायला साडेतीनशे किलोच्या आसपास. त्यातून हार्वेस्टर, खत, डिझेल, नांगरणी वजा. हातात उरतं त्यावर शेतकी बँकेचा हप्ता आधीच डोळा ठेवून असतो. आणि पीक वर्षातून एकच, कारण कालवा नाही, सगळं पावसावर.

एक गोष्ट ऐकून मी गप्प झालो. शेजारचे आजोबा, त्यांना फो-याय म्हणायचं, त्यांनी मी भारतातला कळल्यावर विचारलं, "तुम्हीच ना आमचा तांदूळ पाडला?" मला वाटलं थट्टा. नंतर शोधलं. २०११च्या सप्टेंबरात भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात पुन्हा खुली केली. त्याच सुमाराला थाई सरकारने शेतकऱ्यांचं भात बाजारभावाच्या कितीतरी वर, होम-माली तर टनाला २० हजार बाटने, उचलायला सुरुवात केली, की माल दाबून ठेवू आणि जग महाग घेईल. जगाने भारताकडून घेतला. २०१२मध्ये भारत निर्यातीत पहिला झाला, थाई गोदामं भरून राहिली आणि २०१४च्या सुरुवातीला शेतकऱ्यांचे पैसे अडकले. फो-यायना हे सगळं पाठ. वर त्यांनी मला भाजलेला बेडूक दिला.

@चिंचगुळाची_आमटी, अवघड आहे. प्ला-रा म्हणजे आंबवलेले मासे, ते इसानमध्ये आपल्या मिठासारखे. कच्च्या पपईच्या सोम-तममध्ये, चटणीत, भाजीत, सगळीकडे. "माय साय प्ला-रा" (प्ला-रा घालू नका) हे पाठ करून जा, मग त्या प्ला-राऐवजी फिश सॉस घालतील, मग "माय साय नाम-प्ला"ही पाठ करा. 'जे' हा शब्द सांगितलात तर मांस, मासे, अंडी, दूध सगळं गेलं असं समजतात. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली 'जे' दुकानं शहरात भेटतील, खेड्यात नाही.

आधार एकच, चिकट भात. रात्री भिजत घालतात, पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून मडक्याच्या तोंडावर वाफवतात, मग फळीवर उलथून लाकडी पळीने वाफ मोडतात आणि क्राटिप नावाच्या झाकणाच्या बांबूच्या डबीत भरतात. हाताने गोळा मोडायचा, बोटांनी वळायचा, कशात तरी बुडवायचा. चमचा नाही, त्यामुळे आपल्याला लाजायचं कारण नाही. सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पुरतो. मी घरून शेंगदाण्याची चटणी नेली होती, तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

खवट_खोबरं

लेख चांगला आहे, पण धाग्यावर वर कोणीतरी 'गरीब खेडं' असा शिक्का मारलाय (संपादकांनी?), तो मला खटकतो. डांबरी रस्ता, घरोघरी फ्रीज, मोटरसायकल, चोवीस तास वीज, दारात लसीकरण. याला गरीब म्हणायचं तर आमच्या मेळघाटाला काय म्हणाल? आणि दुसरं, दुसऱ्याच्या गरिबीत स्वस्तात राहून आपण बचत मोजायची हा प्रकार मला तरी पटत नाही. सॉरी.

मुक्काम_पोस्ट

+१. साडेअठरा हजारांत १९ दिवस हे कौतुकाने सांगण्यासारखं आहे का? ते लोक भिडस्त म्हणून तुम्ही स्वस्तात राहिलात.

खोनकेनकर

मी इसानमधल्याच खोन केन शहरात अकरा वर्षं आहे, नवऱ्याची नोकरी इथल्या विद्यापीठात. थोडं लिहू का?

इथली गरिबी घरात शिरल्यावर दिसत नाही, वहीत दिसते. फ्रीज हप्त्यावर, मोटरसायकल हप्त्यावर, पिकअप असेल तर तीही. २००१मध्ये सरकारने प्रत्येक गावाला दहा लाख बाटचा निधी दिला, गावानेच कर्ज वाटायचं. खूप ठिकाणी लोक गावनिधीचं कर्ज शेतकी बँकेतून फेडतात आणि बँकेचं सावकाराकडून. म्हाताऱ्यांना सरकारी भत्ता आहे: साठीनंतर महिना ६०० बाट, सत्तरीनंतर ७००, ऐंशीनंतर ८००, नव्वदीनंतर १०००. त्यात काय येतं ते तुम्हीच पाहा. दवाखाना मात्र खरंच चांगला. ३० बाटमध्ये उपचारांची योजना २००२पासून देशभर आहे, आणि गावागावांत आरोग्य स्वयंसेविका असतात, त्या दारोदार जाऊन रक्तदाब तपासतात, डेंग्यूसाठी रांजणं उघडून बघतात. तेव्हा मेळघाटाशी तुलना करताना एवढं धरा, की इथे मूल औषधावाचून जात नाही, पण त्या मुलाची आई वर्षातून दोनदा दिसते, सोंक्रानला (थाई नववर्षाला) एप्रिलमध्ये आणि कापणीला. कोणाचा बाप तैवानला, कोणाचा कोरियात, कोणाचा इस्रायलच्या शेतांवर. ७ ऑक्टोबर २०२३ला तिथे हमासच्या हल्ल्यात जे थाई मजूर मारले गेले, ओलीस गेले, त्यांतले बहुतेक इसानचे. त्या आठवड्यात आमच्या कामवाल्या ताई फोन हातातून खाली ठेवत नव्हत्या.

आता पैसे देण्याबद्दल. पाहुण्याकडून राहण्याचे पैसे घेणं इथे फार ओशाळवाणं वाटतं. पाकीट देऊ नका. गॅसचा सिलिंडर भरून आणा. विजेचं बिल उचला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात भरून या. आजीला गोडंतेल, फिश सॉस, मच्छरदाणी. फिरतं दुकान येतं ना, पिकअपला चहूबाजूंनी भाज्यांच्या पिशव्या लटकवलेलं, 'रोत फुम-फुआंग', ते दारात थांबलं की तुम्ही आधी पुढे व्हा. धागाकर्त्यांनी पाकीट दिलं म्हणतात, मला अंदाज आहे पुढे काय झालं असेल :)

गावकुसाबाहेर

ताई, तुमचा अंदाज बरोबर असणार.

@खवट_खोबरं, शिक्का माझा नाही, पण टीका घेतो. मी ती बेरीज लिहिली कारण विचारलं होतं. लिहून झाल्यावर मलाही ती वाचवेना, म्हणून वर्ष गेलं.

पाकिटाचं असं झालं. चौथ्या दिवशी मी मॅला ते दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, झालं, फिटलं. सहा दिवसांनी विहारात कथिन होतं. वर्षावास संपल्यावर महिनाभरात भिक्खूंना चीवर देतात तो सण. गावाने पैशाचं झाड केलेलं, केळीच्या खुंटाला बांबूच्या काड्या खोचून प्रत्येकीला चिमट्यात नोट. आणि भोंग्यावरून नावं चाललेली: अमक्याचे १००, तमकीचे ४०, आणि मग एकदम, "भारतातून आलेला मुलगा, तीन हजार!" सगळं गाव वळून हात जोडतंय, आणि माझ्या कानाच्या पाळ्या लाल. मॅने सगळेच्या सगळे माझ्या नावाने, मला पुण्य लागावं म्हणून, दान केले. स्वतःचे म्हणून वेगळे १०० दिले, तेही वाचले.

मी जोडीदाराला रागावलो, तू सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, आईने तुझ्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग केला, तुला आणखी काय हवं?

निघायच्या आदल्या दिवशी मनगटाला दोरे बांधले. बाय-सी म्हणतात त्याला. केळीच्या पानांचा मनोरा, भोवती म्हातारी मंडळी, प्रत्येक जण पांढरा दोरा बांधताना पुटपुटतो. मॅ-यायने दोऱ्यात वीसची नोट गुंडाळून बांधली. मॅ-याय म्हणजे ताईंनी सांगितलेल्या महिना ७०० बाट भत्त्यावाली. @मुक्काम_पोस्ट, स्वस्तात राहिलो ते खरंच.

मुक्काम_पोस्ट

माझा प्रतिसाद जरा तिखट झाला. असू दे.

रेघोट्या

लोकहो, दोन कामाचे प्रश्न. व्हिसा काय? आणि एकटी बाई, वय ३४, खेड्यात राहू शकते का? संडास-बाथरूम?

गावकुसाबाहेर

संडास उकिडवा, पाण्याचा, स्वच्छ. आंघोळ टाकीतलं पाणी ओंजळीएवढ्या भांड्याने अंगावर घेऊन. नोव्हेंबरात पहाटे पाणी गार असतं. मला मॅने एक चौकड्यांचा फा-खाव-मा दिला, आपला पंचाच तो: नेसा, डोक्याला गुंडाळा, घाम पुसा, झोपाळा करा. बाकी खोनकेनकर ताई सांगतील.

खोनकेनकर

पर्यटकांसाठी भारतीयांना जुलै २०२४पासून व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले. पण हे नियम सारखे बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा. १ मे २०२५पासून येण्याआधी ऑनलाइन आगमन-पत्र भरावं लागतं, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की घरमालकाने २४ तासांत कळवायचं असतं. हॉटेलं आपोआप करतात, खेड्यातल्या आजीला माहीतही नसतं. सरपंचाला आधी भेटा, तो मार्ग सांगतो. तसंही त्याला न भेटता राहणं वाईट दिसतं.

एकटी बाई? चालेल, पण ओळखीने. एकटीला एकटं सोडणारच नाहीत, हीच तक्रार कराल. भिक्खूंना स्पर्श नको, वस्तू थेट हातात देऊ नका. गुडघे-खांदे झाकलेले. मोटरसायकल चालवणार असाल तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो. कुत्री रात्री मागे लागतात. आणि सध्या सुरिन, सिसाकेत, बुरिराम, उबोनच्या कंबोडिया सीमेजवळ जाण्याआधी बातम्या बघा. जुलै २०२५मध्ये तिथे तोफा चालल्या, गावं रिकामी केली होती.

बुरिरामचं फनोम रुंग मात्र सीमेपासून आत आहे, विझलेल्या ज्वालामुखीवरचं शिवमंदिर. त्याच्या दारावरची शेषशायी विष्णूची पट्टी चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोचली होती, १९८८मध्ये परत आणली. (अवांतर झालं, माफ करा.)

चिंचगुळाची_आमटी

शेंगदाण्याच्या चटणीचं राहिलं!

गावकुसाबाहेर

हो. सोलापूरची होती, अर्धा किलो. पहिल्या दिवशी मॅने बोटावर घेऊन चाटली, मान हलवली, म्हणजे ठीक आहे, पण काहीतरी कमी आहे. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ती चटणी खलबत्त्यात गेली होती, त्यात लसूण, भाजलेली मिरची, लिंबू आणि पळीभर प्ला-रा. गावभर क्राटिपबरोबर वाटली गेली. पाच दिवसांत पिशवी रिकामी.

परवा रात्री जोडीदाराच्या आईचा व्हिडिओ कॉल. आधी नेहमीचं, "किन खाव लॅव बॉ?", जेवलास का? यंदा पाऊस वेळेवर आला म्हणाली. मग मॅ-याय पडद्यात डोकावून काहीतरी ओरडली. जोडीदाराने अर्थ सांगितला: येताना ते भारताचं प्ला-रा घेऊन ये.

चिंचगुळाची_आमटी

सोलापुरी चटणीत मासे?! हे वाचून माझी आजी स्वर्गात कानावर हात ठेवेल. चव कशी लागली ते तरी सांगा.

गावकुसाबाहेर

सॅप इली.

खोनकेनकर

(आमटीताई, म्हणजे 'खरंच झकास'. आजीला सांगू नका.)